संगणकाची बैठक आणि आपली सोय



मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून शिरपूरकडे जाणाऱ्या प्रवाशाला सोनगीर दोन गोष्टींनी ओळखू येते. एक टेकडीवरचा किल्ला आणि दुसरी आपली तांब्या-पितळेची भांडी. तांबटाच्या दुकानी गेलेला माणूस 'असेल ते दे' असे सहसा म्हणत नाही. घागर केवढी हवी, काठ किती रुंद हवा, कडी हवी की नको, हे तो विचारून घेतो आणि प्रसंगी दोन ठोके अधिक मारायला लावतो. तोच माणूस धुळ्याला जाऊन त्या घागरीच्या कितीतरी पट किमतीचा लॅपटॉप घेऊन येतो, आणि त्याच्या पडद्यावर जे जसे मांडून आले असेल ते तसेच वर्षानुवर्षे वापरतो. अक्षर बारीक असले तर चष्मा बदलतो, आज्ञा इंग्रजीत असल्या तर मुलाला हाक मारतो. यंत्र आपल्यासाठी की आपण यंत्रासाठी, हा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही. आज आम्ही याच प्रश्नाविषयी बोलणार आहोत. लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीत पडद्यावरची बैठक, म्हणजे जिला सर्वजण डेस्कटॉप म्हणतात ती, आपल्या रोजच्या कामाला कशी जुळवून घ्यावी, एवढाच आमचा विषय आहे.

हा विषय आजच का? 2015 साली आलेल्या विंडोज 10 या प्रणालीच्या नेहमीच्या विनामूल्य सुरक्षा-दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्या. काही अटींवर वर्षभराची वाढीव मुदत दिली गेली, पण ती वाढीवच. तिच्यानंतरच्या विंडोज 11 ला कमीत कमी 4 जीबी स्मृती आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-चीप लागते; शिवाय मान्य झालेल्या प्रोसेसरांच्या यादीत बहुतेक जुन्या यंत्रांना जागा नाही. परिणाम असा की, जे यंत्र काल चालत होते आणि आजही चालते, ते केवळ प्रणालीने पाठ फिरविली म्हणून माळ्यावर जाते. ज्या घरात एकच लॅपटॉप आहे त्या घराच्या दृष्टीने ही काही लहान गोष्ट नव्हे.

आमच्याही घरी असे एक यंत्र माळ्यावर गेले होते. पुतण्याच्या शिक्षणासाठी घेतलेले, 4 जीबी स्मृतीचे. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना घरात सर्वजण आक्का म्हणतात, शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आहेत आणि एका बचत गटाचे इतिवृत्त व हिशेब त्या पाहतात. त्यांनी ते यंत्र खाली काढविले आणि आम्हाला विचारले, "अरे, हे माझ्याशी इंग्रजीतच का बोलते? आणि एवढे मुंगीसारखे अक्षर कोणासाठी?" त्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता जे आमच्या हाती लागले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. 1983 साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला. त्यामागील विचार असा की, संगणकाचा कार्यक्रम ज्याच्या हाती आहे त्याला तो हव्या त्या कामासाठी चालविण्याचे, उघडून पाहण्याचे व बदलण्याचे, दुसऱ्याला देण्याचे आणि बदललेली प्रतही वाटण्याचे स्वातंत्र्य असावे. 1991 साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. गाभा आणि ग्नूचे कार्यक्रम एकत्र आले आणि ज्याला आपण व्यवहारात लिनक्स म्हणतो ते उभे राहिले. हे फुकट मिळते ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. ते बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे, ही त्याहून महत्त्वाची गोष्ट मात्र थोड्यांच्याच ध्यानात असते.

या प्रणालीची रचना थरांची आहे. सर्वांत खाली गाभा. तो स्मृती, डिस्क, कळफलक यांचा कारभार पाहतो. त्यावर पडद्यावर चित्र उमटविणारा थर. त्यावर खिडक्यांची चौकट, उघडझाप आणि जागा सांभाळणारा कार्यक्रम. आणि सर्वांत वर आपल्याला दिसणारी बैठक: पट्टी, मेनू, घड्याळ, चित्रे. विंडोजमध्ये हे थर एकाच सामानासारखे बांधून येतात. लिनक्समध्ये ते सुटे आहेत, म्हणून खालचे न हलविता वरचे बदलता येते. के.डी.ई. ही बैठक 1996 साली सुरू झाली, ग्नोम 1997 साली. एक्सएफसीई नावाची हलकी बैठकही 1996 पासूनची. 2011 साली ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीने पडद्याची मांडणी मुळापासून बदलली, तेव्हा जुन्या वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती रुचली नाही. एरवी अशा वेळी माणूस कुरकुर करतो आणि गप्प बसतो. इथे तसे झाले नाही. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने जुन्या ग्नोमची प्रत घेऊन 'माटे' नावाने ती पुढे चालविली, आणि लिनक्स मिंटच्या मंडळींनी नव्या पायावर जुन्या वळणाची 'सिनॅमन' बैठक रचली. दोन्ही पुढे वर्षानुवर्षे वापरात राहिल्या. सवय मोडायची की राखायची, याचा निर्णय वापरणाऱ्यांच्याच हाती राहिला.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. 2007 साली रायगड जिल्ह्यात कर्जतनजीकच्या खैराट या लहानशा वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या प्रकल्पाची यंत्रे मुलांच्या हाती दिली गेली. त्या यंत्राची स्मृती अवघी 256 एमबी आणि साठा 1 जीबी. आजच्या साध्या फोनपुढेही ते गरीबच. परंतु त्यावर लिनक्स होते आणि मुलांसाठी मुद्दाम घडविलेली 'शुगर' नावाची बैठक होती. तिच्यात फोल्डरांची भानगड नव्हती. घर, मित्र आणि शेजार अशी दृश्ये होती, आणि केलेले काम आपोआप एका रोजनिशीत जमा होई. ज्याने कधी कार्यालय पाहिले नाही त्या मुलाला कार्यालयातली टेबले, फायली, कपाटे यांची उपमा कशाला द्यायची, असा विचार तिच्यामागे होता. त्या प्रकल्पाच्या यशापयशाची चर्चा पुष्कळ झाली आहे, तीत आम्ही शिरत नाही. आम्हाला घ्यायचे आहे ते इतकेच की, बैठक माणसापुढून सुरू करता येते.

आता आक्कांच्या यंत्राकडे वळू. पहिली पायरी पेनड्राइव्हची. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, आणि जोवर आपण 'बसवा' म्हणत नाही तोवर डिस्कवरच्या जुन्या मजकुराला धक्का लागत नाही. या चाचणीत वायफाय, आवाज, प्रिंटर आणि पडद्याचा उजेड ही चार कामे तपासावी. ती चालली तर सर्व मजकुराची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, आणि मगच पुढे जावे. आम्ही लिनक्स मिंटची एक्सएफसीई बैठकीची आवृत्ती निवडली. मिंटला 2 जीबी स्मृती चालते आणि 4 जीबी असली तर काम सुखाने होते असे तिचे कर्तेच सांगतात. तेवढी आमच्यापाशी होती.

दुसरी पायरी भाषेची. सेटिंगमध्ये मराठी (भारत) निवडले की तारीख, वार आणि पुष्कळसे मेनू मराठीत येतात. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस हेही मराठीत मिळतात. भाषांतर सर्वत्र सारखे पुरे नाही, मधूनच एखादे इंग्रजी वाक्य डोके वर काढते, हे आधीच सांगून ठेवतो. या कामामागे माणसे आहेत. 2000 सालच्या सुमारास मुंबईत 'इंडलिनक्स' नावाचा उपक्रम भारतीय भाषांसाठी उभा राहिला; पुढे पुण्यात रेड हॅटच्या मंडळींनी भाषांतर आणि अक्षरे यांवर बरेच काम केले; आणि सी-डॅकने 2007 मध्ये 'बॉस' नावाची भारतीय भाषांची लिनक्स आवृत्ती काढली. मेनूत दिसणारा 'जतन करा' हा साधा शब्दही कोणीतरी बसून लिहिलेला असतो.

तिसरी पायरी कळफलकाची, आणि ही आमच्या मते सर्वांत मोलाची. मराठी लिहिण्यासाठी इंग्रजी स्पेलिंग यावे लागते असा एक समज पसरला आहे. तो खरा नाही. 1986 साली सरकारने ठरविलेला इनस्क्रिप्ट हा कळफलक वर्णमालेच्या क्रमाला धरून आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतांशी व्यंजने. ज्या कळीवर क आहे तीच शिफ्टसह दाबली की ख; तसेच ग-घ, च-छ, ज-झ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. ज्याने शाळेत वर्ग घोकले त्याला निम्मा कळफलक पाठच आहे. 'सोनगीर' हा शब्द लिहायचा तर एम, ए, व्ही, आय, आर, जे या अक्षरांच्या सहा कळी पुरतात: स, ओकाराची मात्रा, न, ग, दीर्घ ईकार, र. जोडाक्षरासाठी डी या कळीवर हलन्ताचे चिन्ह आहे. आक्कांनी कागदावर कळफलक काढून भिंतीला लावला आणि रोज अर्धा तास सराव केला. तीन आठवड्यांत त्यांनी कागद काढून टाकला. ज्या तरुणांना फोनमुळे उच्चारानुसार लिहिण्याची सवय आहे त्यांच्यासाठी तशी पद्धतही याच सेटिंगमध्ये मिळते. दोन्ही ठेवाव्या आणि एका कळीने अदलाबदल करावी. रुपयाचे चिन्ह, जे आपण 2010 साली स्वीकारले, ते उजवा आल्ट आणि 4 यांनी उमटते.

चौथी पायरी अक्षरवळणाची. येथे मराठीचा स्वतःचा मान सांभाळायचा आहे. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या वाक्यांत एक रफार तेवढा वेगळा आहे, पण पहिल्याने गुरुजी येतात आणि दुसऱ्याने स्वयंपाकी. हिंदीला या दुसऱ्या, आडव्या रफाराची गरज नाही, म्हणून काही फॉन्टांत तो नीट उमटत नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे यांनी ऱ येतो, त्यावर हलन्त आणि य दिले की तो साधतो. ल आणि श यांचेही तसेच आहे. 6 नोव्हेंबर 2009 च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी रूपे प्रमाण मानली. पुष्कळ देवनागरी फॉन्ट हिंदी वळणाचे असतात. काहींच्या पोटात दोन्ही रूपे असतात आणि मजकूर मराठी आहे असे कार्यक्रमाला कळले तरच मराठी रूप बाहेर येते. म्हणून लिब्रेऑफिसच्या भाषा-सेटिंगमध्ये जटिल लिपीचा पर्याय चालू करून तेथे मराठी निवडावी, आणि जटिल लिपीसाठी मूळ फॉन्टही वेगळा ठरवून द्यावा. हे न केल्यास इंग्रजी अक्षर मोठे होते आणि मराठी तसेच राहते, आणि माणूस यंत्राला दोष देतो. लिनक्सबरोबर येणाऱ्या 'लोहित' या अक्षरकुळाची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. त्याचे मूळ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आले, रेड हॅटने ते मुक्त परवान्याने सर्वांना दिले, आणि 2011 मध्ये त्याचा परवाना अधिक सैल केला. लोहित म्हणजे तांबडे. तांबटांच्या गावाला हे नाव परके वाटू नये.

जुन्या मजकुराचा मात्र एक काटा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून केलेले असत. तो विशिष्ट फॉन्ट नसला की बचत गटाचे दहा वर्षांचे इतिवृत्त इंग्रजी अक्षरांच्या भुशासारखे दिसते. असा मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतो, परंतु ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीच लागतात. आक्कांचे दोन महिने त्यात गेले. आज न केले तर उद्या ते वाचणारे कोणी उरणार नाही, असे त्या म्हणत, आणि ते खरे आहे.

पाचवी पायरी डोळ्यांची आणि हातांची. प्रथम सर्व अक्षरांचा आकार एकदमच वाढवावा. एकेका कार्यक्रमात वाढवीत बसू नये. बाणाचा दर्शक मोठा करावा. पट्टी खाली असो वा डावीकडे, तिच्यावर रोज लागणारी पाच-सहा चित्रेच ठेवावी. घर भरलेले असले म्हणजे सोयीचे असतेच असे नाही. संध्याकाळी पडद्याचा निळसर उजेड कमी करून तांबूस करण्याची सोय आहे, ती वेळेवर बांधून द्यावी. जे काम दिवसातून दहादा करतो त्याला कळींची जोडी नेमावी. आक्कांनी दोन नेमल्या: एकीने इतिवृत्ताचा फोल्डर उघडतो, दुसरीने हिशेबाचा तक्ता. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ओर्का नावाचा वाचक पडद्यावरचे बोलून दाखवितो, आणि ईस्पीक-एनजी या आवाजाला मराठी येते. आवाज यांत्रिक आहे, पण अर्थ कळतो. वीज जाण्याचा प्रसंग आपल्याकडे नवा नाही आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी दमलेली असते. म्हणून लिब्रेऑफिसचे आपोआप राखण दहा मिनिटांवर असते ते दोनवर आणावे, आणि बॅटरी अगदी उतरल्यावर यंत्राने स्वतःहून नीट बंद व्हावे अशी आज्ञा देऊन ठेवावी.

वेगाविषयी पुष्कळ मंत्र सांगितले जातात. आमचा अनुभव साधा आहे. यंत्र सुरू होताना जे कार्यक्रम आपोआप उठतात त्यांची यादी पाहावी आणि नको ते झोपू द्यावे. ब्राउझरमध्ये वीस पाने उघडी ठेवू नयेत; स्मृती खाणारा खरा पाहुणा तोच. बैठक हलकी निवडावी. आणि फिरती डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. या शेवटच्या उपायाने जो फरक पडतो तो उरलेल्या सर्व युक्त्या मिळूनही पडत नाही.

आता सावधगिरीचे दोन शब्द. बदलण्याचे स्वातंत्र्य म्हणजे मोडण्याचेही स्वातंत्र्य. एकदा जुने फॉन्ट आवरण्याच्या उत्साहात आम्ही प्रणालीचेच फॉन्ट काढून टाकले. पडद्यावर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उभे राहिले आणि परत कसे यावे हे सांगणारी सूचनाही चौकोनांतच आली. त्या चौकोनांना संगणकाच्या परिभाषेत तोफू म्हणतात, आणि ते दिसू नयेत म्हणून गूगलने केलेल्या अक्षरकुळाचे 'नोटो' हे नाव 'तोफू नको' यावरूनच पडले आहे, हे आम्हाला नंतर कळले. त्या दिवशी टाइमशिफ्ट नावाच्या कार्यक्रमाने वाचविले. तो प्रणालीची स्थिती टिपून ठेवतो आणि मागे नेऊ शकतो. पण मूळ मांडणीत तो प्रणालीच राखतो, आपली कागदपत्रे नव्हे. त्यांची प्रत वेगळी हवी. तेव्हापासून आमचे तीन नियम आहेत. प्रयोगासाठी वेगळे खाते उघडावे, कारण बैठकीच्या बहुतेक सेटिंग्ज प्रत्येक खात्याच्या घरात साध्या मजकुराच्या फायलींत असतात आणि एकाचा बिघाड दुसऱ्याला लागत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. आणि ज्या आज्ञेचा अर्थ कळत नाही ती, विशेषतः परवलीचा शब्द मागणारी, दुसऱ्याने सांगितली म्हणून देऊ नये.

हे सर्वांनी उद्याच करावे असे आम्ही म्हणत नाही. व्यापाऱ्यांचे हिशेबाचे काही प्रचलित कार्यक्रम विंडोजसाठीच लिहिलेले आहेत. काही प्रिंटर आणि सही करण्याची काही उपकरणे लिनक्सवर हट्ट करतात. ज्याचा धंदा त्यावर चालतो त्याने आधी तपासावे, अथवा दोन्ही प्रणाली शेजारी ठेवाव्या. परंतु पत्र, इतिवृत्त, हिशेबाचा तक्ता, ब्राउझर आणि मुलांचा अभ्यास एवढेच ज्याचे काम आहे त्याला अडचण फारशी येत नाही. केरळने आपल्या शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती करून राज्यभर वापरली, यावरून हे दिसते. शिकू इच्छिणाऱ्यांसाठी मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे लहान लहान पाठ मराठीतही आहेत. शेजारी वही ठेवून एकट्यालाही ते करता येतात.

शेवटी आपल्या खानदेशाविषयी. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद आहेत आणि त्यांत मोडीही आहे. मोडीला 2014 मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली आणि तिचे मुक्त फॉन्टही झाले. म्हणजे आपल्या माळ्यावरच्या यंत्रावर मोडी लिहिता येईल. अहिराणीला भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःचा संकेत आहे. लिनक्सच्या मेनूतले शब्द साध्या फायलींत असतात. इंग्रजी वाक्य आणि त्यापुढे रिकामी जागा. ती जागा अहिराणीने भरायची तर कोणाची परवानगी काढावी लागत नाही. चार शिक्षक, दोन तरुण आणि भाषेचा कान असलेली एखादी वृद्ध आजी एवढ्यांनी बसावे लागते. कोणती कंपनी हे आपल्यासाठी कधी करील, याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आक्कांचे यंत्र आता खाली, देवघराशेजारच्या टेबलावर असते. गेल्या महिन्यात गटातल्या एका भगिनीने त्यांना विचारले, "आक्का, माझ्या मुलाचा जुना लॅपटॉप बंद पडलाय म्हणे, तो असा होईल का?" आक्का म्हणाल्या, "आण. आधी पेनड्राइव्हवरून पाहू." ज्या कोणाकडे असे यंत्र पडून असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावे, आम्ही पेनड्राइव्ह बरोबर आणला आहे.